मोठी फाइल पाठवायची ऑनलाइन सर्व्हिस निवडणे (बेळगाव सीमाभाग)

मोठी फाइल म्हणजे जी ईमेलला अटॅच होत नाही ती, एवढी व्याख्या पुरे. जीमेलची लिमिट 25 एमबी आहे, त्याच्या वर गेलं की जीमेल स्वतःच फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून मेलमध्ये नुसती लिंक टाकतंय. शिवाय मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतंय आणि त्यात आकार साधारण एक तृतीयांश वाढतो, म्हणून लिमिटच्या आत वाटणारी फाइलसुद्धा कधी कधी समोरच्या ऑफिसच्या सर्व्हरवरून परत येते. त्यापुढची फाइल कशाने पाठवायची हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात रोजचा आहे, कारण इथल्या मराठी माणसाचं बरंच काम हद्दीपलीकडे चालतंय. लग्नाचा अल्बम कोल्हापूरला छापायला जातो, उद्यमबागच्या फाउंड्रीचं ड्रॉइंग पुण्याच्या कंपनीकडे, शिवजयंतीच्या चित्ररथाचं रात्रभराचं शूटिंग मुंबईत नोकरीला असलेल्या मंडळाच्या पोरांना हवं असतंय. मोबाइल कंपन्यांच्या हिशोबात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये (सर्कल म्हणजे त्यांचा विभाग), शेजारचं चंदगड महाराष्ट्र सर्कलमध्ये, पण फाइलला त्याचं काही नाही, ती दोन्हीकडे सारखीच जाते किंवा सारखीच अडकते.

सर्व्हिस निवडताना लोक पहिलं विचारतात फुकट किती जीबी मिळतंय. ते शेवटी विचारायचं. आधी बघायचं घेणारा कोण आहे, तो फाइल मोबाइलवर उघडणार की कॉम्प्युटरवर, त्याचं त्या सर्व्हिसवर अकाउंट आहे का, आणि तो ती आज उघडणार की चार दिवसांनी. ह्या चार गोष्टी कळल्या की सर्व्हिस जवळजवळ ठरूनच जाते.

हे मी अंगावर घेऊन शिकलोय. आमच्या गावच्या साहित्य संमेलनाची स्मरणिका होती, सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत संमेलनं भरतात हे सगळ्यांना माहीतच आहे, तर आमचीही 96 पानांची स्मरणिका कोल्हापुरातल्या एका छापखान्यात द्यायची होती. पीडीएफ 340 एमबीची झाली. रात्री साडेअकराला ड्राइव्हवर चढवली, लिंक व्हॉट्सअॅपवर टाकली, 'पाठवली बघा दादा' म्हणून मेसेज केला आणि झोपलो. लिंकची परवानगी मात्र 'रिस्ट्रिक्टेड' राहिली होती. छापखान्यातल्या माणसाने सकाळी सहाला उघडली तर त्याच्यापुढे नुसतं 'अॅक्सेस मागा' असं पान, त्याने मागितला, तो मेल माझ्या अशा पत्त्यावर आला जो मी आठवड्यातनं एकदा उघडतो. छपाईच्या प्लेटसाठी आमचा लागलेला नंबर दुसऱ्याच्या कामाला गेला. ग्रंथदिंडी गावात फिरून मांडवात पोचली तरी स्मरणिकेचे गठ्ठे अजून निपाणीजवळ वाटेतच होते, ज्या लेखकांचे लेख होते ते स्टेजवर बसलेले आणि हातात अंक नाही. तेव्हापासून ड्राइव्हची लिंक दिली की मी आधी ती दुसऱ्या, लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये स्वतः उघडून बघतो. 'लिंक असलेला कोणीही' हे सेटिंग केलं की घेणाऱ्याला अकाउंट लागत नाही, काम झालं की ते परत बंद करता येतं.

आता सर्व्हिस एकेक. गूगल ड्राइव्ह इथं सगळ्यात जास्त चालतंय कारण अँड्रॉइड फोनमुळे अकाउंट प्रत्येकाकडे आहे. फुकट 15 जीबी, पण ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्हीला मिळून. 1 जून 2021 पासून नवे चढवलेले फोटोही त्यातच मोजले जातात, म्हणून स्टुडिओवाल्याचं हे अकाउंट एका लग्नात भरतंय. आणि ते भरलं की नुसतं अपलोड थांबत नाही, मेल येणंही बंद होतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वनड्राइव्हला फुकट 5 जीबी, ड्रॉपबॉक्सला 2 जीबी, मेगाला 20 जीबी.

व्हॉट्सअॅपवर 2022 पासून 2 जीबीपर्यंतची फाइल जाते, आधी 100 एमबीच जायची. पण फोटो किंवा व्हिडिओ गॅलरीतून सरळ पाठवला तर व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतंय, छापायला दिला की चेहरे पुसट येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. आमच्याकडे अजून लोक बॅनरसाठी नेत्याचा फोटो फोटो म्हणूनच पाठवतात आणि मग फ्लेक्सवर नाक डोळे चौकोनी दिसले की फ्लेक्सवाल्याशी भांडतात. टेलिग्रामवर पण फुकटात 2 जीबीची फाइल जाते, पैसे भरले तर 4 जीबी.

वीट्रान्सफर ही 2009 मध्ये अॅमस्टरडॅमला सुरू झालेली सर्व्हिस, डिझायनर आणि छापखाने ह्यांची जुनी आवडती, कारण घेणाऱ्याला लॉगिन करायला लागत नाही, लिंक दाबली की डाउनलोड. फुकटात आधी एका वेळी 2 जीबी जायचे, 2024 च्या शेवटी नियम बदलून 30 दिवसांत मिळून 3 जीबी आणि दहा ट्रान्सफर असं झालं, लिंकही तीनच दिवस चालते. तीन दिवस हे पुण्यातल्या ऑफिसला भरपूर होतात, पण कणकुंबी नाहीतर जांबोटीकडचा माणूस, ज्याला घाटाआड रेंज नाही आणि जो आठवड्याच्या बाजाराला खानापूरला आला की डाउनलोड करणार, त्याला तीन दिवस म्हणजे काहीच नाही. तिथं ड्राइव्हच बरं, लिंक आपण काढेपर्यंत राहते.

एकाच सर्व्हिसवर विसंबून राहू नये ह्याला कारण आहे. मे 2020 मध्ये, लॉकडाऊन चालू असताना, दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वीट्रान्सफर बंद करायला सांगितलं, पुढे ती परत चालू झाली. त्याच वर्षी जूनच्या 29 तारखेला केंद्राने 59 चिनी अॅपवर बंदी घातली त्यात शेअरइट आणि झेंडर पण गेले, तोवर पिक्चरपासून लग्नाच्या फोटोपर्यंत सगळं त्यावरनंच फिरायचं. शेजारी बसलेल्याला द्यायला आता अँड्रॉइडवर क्विक शेअर आहे, त्याला इंटरनेट लागतच नाही. फायरफॉक्स सेंड नावाची चांगली कुलूपबंद सर्व्हिस होती, व्हायरस पसरवायला लोकांनी वापरली म्हणून तीही 2020 मध्येच बंद झाली.

स्पीडचा हिशोब करताना एक घोळ कायम होतो. कंपनी सांगते एमबीपीएस, म्हणजे मेगाबिट, आणि फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये, एका बाइटला आठ बिट. आणि पाठवताना कामाला येतो तो अपलोड स्पीड, जो मोबाइल नेटवर डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. 10 एमबीपीएस अपलोड मिळालं तर 2 जीबीला साधारण 27 मिनिटं, तेही मध्ये लाइट नाही गेली तर. फायबर घेताना अपलोड डाउनलोड सारखं आहे का हे विचारून घ्यावं, स्टुडिओवाल्यांनी तर नक्कीच. मोठ्या फाइलला अशी सर्व्हिस बघावी जी तुटलेलं अपलोड जिथं थांबलं तिथनं पुढं चालू करते, नाहीतर 90 टक्क्यांवर नेट गेलं की परत पहिल्यापासून.

आणि एका मापानंतर ऑनलाइनचा नाद सोडावा. दोन दिवसांच्या लग्नाचं दोन कॅमेऱ्यांचं कच्चं शूटिंग 500 जीबी झालं तर 20 एमबीपीएसने ते चढवायला 55 तासांच्या वर लागतात. रात्री बेळगावातनं सुटणारी ट्रॅव्हल्स सकाळी पुण्यात असते. हार्ड डिस्क ओळखीच्या माणसाकडे द्यायची, एक कॉपी घरी ठेवून. हे मागासलेपण नाही, हिशोब आहे.

आता फॉन्ट, कारण फाइल पोचली म्हणजे काम झालं असं इथं होत नाही. आमच्याकडचा बोर्ड, बॅनर, पत्रिका बहुतेक वेळा कन्नड आणि मराठी दोन्हीत असते. म्हणजे एकाच कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइलमध्ये कन्नड मजकूर नुडी ह्या कन्नड फॉन्टचा आणि मराठी श्रीलिपी फॉन्टचा. तीच फाइल कोल्हापूरच्या मशीनवर उघडली की तिथं श्रीलिपी असते पण नुडी नसते, कन्नडच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि तिथल्या पोराला कन्नड वाचता येत नसल्यामुळे ते चुकलंय हेही त्याला कळत नाही. म्हणून पाठवायच्या आधी अक्षरं कर्व्ह करावीत, म्हणजे अक्षराचं चित्र होतं आणि फॉन्ट लागत नाही, नाहीतर फॉन्टसकट पीडीएफ करावी, आणि कोरलची फाइल समोरच्याच्या व्हर्जनला सेव्ह करावी, नव्या व्हर्जनची जुन्यात उघडत नाही. झिप करताना आतल्या फाइलींची नावं देवनागरीत ठेवू नयेत, काही कॉम्प्युटरवर त्यांचे नुसते चौकोन होतात.

कागदपत्रं असतील तर वेगळा विचार करावा लागतो. जमिनीचा उतारा, आधार, कोर्टाच्या कामाचे स्कॅन हे 'लिंक असलेला कोणीही'वर ठेवूच नयेत, लिंक ग्रुपमधनं कुठं जाईल सांगता येत नाही. पीडीएफला किंवा झिपला पासवर्ड लावून पाठवावी आणि पासवर्ड त्याच मेसेजमध्ये न टाकता फोन करून सांगावा. व्हॉट्सअॅप आणि मेगावर फाइल दोन टोकांच्या मध्ये कुणाला वाचता येत नाही अशी सोय आहे, साध्या ड्राइव्हवर कुलूप आहे पण किल्ली कंपनीकडे असते.

पाठवल्यावर एक फोन करायचाच. 'आली का' एवढं विचारून भागत नाही, 'उघडून शेवटचं पान कुठलं दिसतंय ते वाचा' असं म्हणायचं, आणि त्याने वाचून दाखवेपर्यंत आपल्याकडची फाइल पुसायची नाही.