जुना इराणी किंवा कॉकेशियन गालिचा घेताना आधी पाठ पाहा

गालिचा पसरला की नजर नक्षीवर खिळते. आमची विनंती, आधी तो उलटा करा. कुठे विणला, कुठे दुरुस्त झाला हे पाठीवर जास्त स्पष्ट दिसते.

कॉकेशसच्या काझाक गालिच्यात ताणा (उभे दोरे), बाणा (आडवे दोरे) आणि लव (वरचे मऊ केस) तिन्ही लोकरीची. बाणा बहुधा लाल रंगवलेला. इराणमधल्या काशान, इस्फहानच्या शहरी कामात ताणा सहसा सुती, कधी रेशमी. कॉकेशसमध्ये तुर्की गाठ चालते: धागा ताण्याच्या दोन दोऱ्यांना वेढा घालून त्यांच्या मधून वर येतो. इराणात फारसी गाठ (एका दोरीला पूर्ण वेढा, दुसरीच्या नुसती मागून) जास्त, पण तब्रीझ, हेरिझ आणि बिजारला तुर्कीच. तेव्हा नुसत्या गाठीवरून गाव ठरवू नका. गाठी मोजून दर्जाही ठरत नाही. काझाकची वीण मुळातच जाड असते, त्यात कमीपणा नाही.

रंगाला मात्र वेळ द्या. पहिला कृत्रिम जांभळा १८५६ साली निघाला आणि पुढच्या काही दशकांत असे रंग विणकरांपर्यंत पोहोचले. त्यातले सुरुवातीचे जांभळे उजेडात विटतात. लव बोटांनी फाकवा: टोक करडे आणि बूड जांभळे दिसले, तर रंग कृत्रिम समजा. मग ओलसर पांढरे सुती फडके लाल भागावर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर एकतर तो कच्चा आहे किंवा विरलेल्या जागी वरून रंगवले आहे. असा गालिचा पाण्यात घालू नका. एकाच रंगात फिके-गडद आडवे पट्टे दिसले तर घाबरू नका. रंगवलेल्या लोकरीचा घाणा बदलला की छटा बदलते. काळा किंवा गडद तपकिरी भाग खोलगट झाला असेल तर ते बहुधा रंगातल्या लोहक्षाराने लोकर खाल्ल्यामुळे. नकली कामात तिथे कात्री चालवतात. मग खोली फार एकसारखी दिसते.

गालिच्यात विणलेले साल बहुधा हिजरी असते. त्याला ३३ ने भागा, भागाकार मूळ आकड्यातून वजा करा आणि ६२२ मिळवा: १३१२ म्हणजे सुमारे १८९४. अरबी लिपीतल्या तिनाला दोनापेक्षा एक दात जास्त असतो. तेवढ्या गाठी बदलल्या की १३१२ चे १२१२ होते आणि गालिचा शंभर वर्षांनी ‘म्हातारा’ होतो. आकड्यामागची वीण भिंगाने तपासाच.

दुरुस्ती हा दोष नव्हे, ती लपवणे हा दोष. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १८९३ साली घेतलेला अर्दबीलचा गालिचा त्याच्याच जोडीदाराचे तुकडे लावून पुरा केलेला आहे. उरलेला जोडीदार आज लॉस एंजेलिसला आहे. आम्ही प्रत्येक रफू, बदललेली किनार आणि नव्या दशा पावतीवर लिहून देतो. चारही बाजूंची किनारपट्टी सारखी नसेल, तर गालिचा कापून लहान केला आहे का, हे विचारा.

दोन्ही हातांनी कडा धरून हलकेच वाकवा. करकर आवाज आला तर आतले धागे कुजलेत. त्यावर पाय पडू देऊ नये आणि आमच्या मते तो विकतही घेऊ नये.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत खरा शत्रू कसर. ती सोफ्याखालच्या अंधारात लागते, जिथे कोणी झाडत नाही. महिन्यातून एकदा गालिचा उलटून पाठ झाडा, सावलीत वारा द्या. ठेवताना घडी नको, विशेषतः बिजारची. त्याची घट्ट वीण घडीवर तुटते. गुंडाळून सुती चादरीत बांधा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते.