वही मराठीत, गप्पा कोंकणीत : कोडीबागेतल्या निवृत्तांच्या बैठकीमागचा इतिहास

काळी नदी समुद्राला मिळते, तिच्या दक्षिण काठाला कारवारचं कोडीबाग. तिथल्या निवृत्त मंडळींच्या बैठकीला वडिलांना सोडायला आणि आणायला मी जातो, त्यामुळे मागच्या खुर्चीवर बसून ऐकायची सवयच लागली आहे. "जेवलो रे?" अशी एकमेकांची विचारपूस होते, बाजारात बांगडा काय भावाने मिळाला यावर थोडा वाद होतो, चहाबरोबर बन्स येतात. मग चिटणीस पुठ्ठ्याची लांबट वही उघडतात आणि सावकाश, एकेक वेलांटी नीट काढत लिहितात : "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले." बोलणं सगळं कोंकणीत, वही मराठीत. सरकारी कार्यालयात द्यायचा अर्ज मात्र कन्नडमध्ये, आणि तो कुणाच्या तरी सुनेकडून किंवा नातवाकडून लिहून घेतलेला. बाहेरून आलेल्याला ही गंमत वाटते. मला त्यात या गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास दिसतो.

उत्तर कन्नड जिल्हा मुळात मद्रास इलाख्यात होता. १८६२ साली तो मुंबई इलाख्याला जोडला गेला, जिल्ह्याचं ठाणं होन्नावरहून कारवारला आलं. यामागे मोठा हात कापसाचा. धारवाड-हुबळीकडचा कापूस घाटाखाली उतरवून कारवारच्या बंदरातून बोटीने पाठवायचा, असा व्यापाऱ्यांचा बेत होता. त्याच आशेवर कचेऱ्या उभ्या राहिल्या, न्यायालय आलं. भारतीय सनदी सेवेत निवड झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर इथे जिल्हा न्यायाधीश होते. धाकटे भाऊ रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले होते, म्हणून आजच्या किनाऱ्याला त्यांचं नाव आहे. वडिलांची मंडळी संध्याकाळी फिरतात तो हाच किनारा, सुरूच्या झाडांचा.

पण रेल्वे कारवारला आलीच नाही. १८८८ च्या सुमारास गोव्यातून मुरगावपर्यंत रूळ पोचले आणि घाटावरचा माल तिकडे वळला. हुबळी-अंकोला मार्गाची मागणी आजही मागणीच आहे. बंदर वाढलं नाही, तेव्हा शिकलेल्या पोरांनी मुंबई धरली. इलाखा एकच, शाळा मराठी, त्यामुळे कारवारचा मुलगा गिरगावात खोली घेऊन कचेरीत, बँकेत, गिरणीच्या हिशेबखात्यात सहज रुळला. आमच्या घरातही तसंच घडलं. मुंबईत नोकरी, मे महिन्यात गाव, आणि "रिटायर झाल्यावर कोडीबागेला जाऊ" हे वाक्य तीस वर्षं.

भाषेचा गुंता इथूनच समजतो. घरात कोंकणी, पाटीवर मराठी. दोन्हींचा अभिमान याच गावाने बाळगला. १९३९ साली कोंकणी परिषदेचं पहिलं अधिवेशन कारवारात भरलं, आणि १९५१ साली अ. का. प्रियोळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही कारवारातच झालं. बारा वर्षांत एकाच गावात दोन्ही मांडव! कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात मला पडायचं नाही. १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, याचा मला आनंद आहे. पण आमच्या म्हाताऱ्यांच्या हातात लेखणी आली की ती मराठीच लिहिते, हेही तितकंच खरं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव आणि कारवार दोन्ही म्हैसूर राज्यात गेले. १९६३ च्या कायद्याने कन्नड राज्यकारभाराची भाषा झाली. सीमाप्रश्नाबद्दल बोलताना बेळगाव, निपाणी, खानापूरची नावं आधी येतात. कारवारचं नाव मागे पडतं. इथे मोर्चे कमी झाले, मात्र मुंबईत नोकरी करणाऱ्याचं गाव एका दिवसात परराज्यात गेलं. परत येऊन स्थायिक झालेल्यांचं निवृत्तिवेतन महाराष्ट्रातून आणि रेशनकार्ड कर्नाटकातलं, असं झालं.

बैठक सुरू झाली ती याच कागदांमुळे, विरंगुळा नंतरचा. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, पत्नीचं नाव लावणं, थकबाकीचा तक्ता. ज्याला लिहिता येई तो इतरांचे अर्ज लिहून द्यायचा. १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन ही मंडळी आठवणीने पाळतात. १९८२ साली त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असा निर्णय दिला. त्या घटनापीठाचे प्रमुख होते यशवंतराव चंद्रचूड. वडील हे सांगताना खुर्चीत ताठ बसतात. २०१४ पासून बोटाच्या ठशावर डिजिटल दाखला मिळू लागला, तरी झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही तेव्हा दोघे-तिघे सोबतीला जातातच.

भोवतालही बदलला. पलीकडच्या सदाशिवगडाला पूर्वी तरीने, म्हणजे होडीने, जावं लागे, मग पूल झाला. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईची मुलं एका रात्रीत घरी येऊ लागली. निवृत्तीनंतर परतणाऱ्यांना याचा मोठा धीर आला. नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पासाठी आरग्यापासून अंकोल्याच्या बाजूपर्यंतची किनाऱ्यावरची घरं उठली. त्या गावांतले काही जण आता इथल्या बैठकीला येतात आणि आपल्या जुन्या किनाऱ्यावरच्या माडांबद्दल बोलतात. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री काळीवरचा जुना पूल कोसळला, तेव्हा सकाळी सगळी मंडळी काठावर उभी होती. त्यांतल्या दोघांनी ती जुनी होडीही पाहिली होती आणि पूलही.

मराठी शाळेत शिकलेले सभासद आता मोजकेच उरले. गेल्या महिन्यात चिटणीसांचा हात थरथरायला लागला, म्हणून वही नव्या सभासदाकडे दिली. तो कन्नड शाळेतला. त्याने वाक्य मराठीच लिहिलं, फक्त लिपी कन्नड. वडिलांनी वही हातात घेतली, वाचता आलं नाही, म्हणून त्याला मोठ्याने वाचायला सांगितलं. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले." मग त्याखाली त्यांनी देवनागरीत सही केली.