प्रवेश-निबंध मित्रांकडून वाचून घेणे

परदेशातल्या बऱ्याच विद्यापीठांत, आणि आता भारतातल्या काही खासगी विद्यापीठांतही, प्रवेशाच्या अर्जासोबत विद्यार्थ्याला स्वतःविषयी निबंध लिहून द्यावा लागतो. तो पाठवण्याआधी आपल्याच वयाच्या, स्वतः अर्ज भरणाऱ्या किंवा नुकताच भरलेल्या मित्रमैत्रिणींना वाचायला देऊन त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची ही पद्धत आहे. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तिला वेगळे नाव नाही. कोल्हापुरात ‘एसे बघून दे की जरा’ किंवा ‘एसओपी वाचलास काय?’ एवढ्यावर काम भागते. एसे म्हणजे हा निबंध, आणि एसओपी म्हणजे उद्देशपत्र.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या निबंधाची सवय नसते. बारावीचे गुण, एमएचटी-सीईटी, जेईई, नीट, मग गुणवत्ता यादी आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या या वाटेवर ‘तू कोण आहेस?’ असे त्याला कुणी विचारत नाही. त्याला माहीत असलेला निबंध म्हणजे शाळेतला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘नदीचे आत्मवृत्त’, सुरुवातीला सुविचार आणि शेवटी बोध. तो निबंध शिक्षक तपासतात. प्रवेशाचा निबंध मात्र कुणी तपासत नाही, तो वाचला जातो. तपासणे आणि वाचणे यांतला हा फरक एकट्याने बसून कळत नाही. त्यासाठी समोर वाचणारा माणूस लागतो, म्हणून ही पद्धत मोलाची आहे.

काय लिहायचे असते

अमेरिकेत ‘कॉमन ॲप’ हा सामाईक अर्ज 1975 साली 15 महाविद्यालयांनी मिळून सुरू केला. आज हजारावर संस्था तो स्वीकारतात. त्यात सात विषयांपैकी एक निवडून 250 ते 650 शब्दांचा निबंध लिहायचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत वेगळी आहे. तिथे आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे आणि प्रत्येकाचे उत्तर 350 शब्दांच्या आत द्यायचे. ब्रिटनमध्ये ‘यूकास’ ही संस्था जवळजवळ सर्व विद्यापीठांचे पदवीचे अर्ज एकत्र घेते. तिथल्या स्वतःविषयीच्या निवेदनाला मोकळ्या जागा धरून 4,000 अक्षरांची मर्यादा आहे, आणि 2026 च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागले गेले आहे.

अभियांत्रिकी किंवा विज्ञानाची पदवी घेऊन बाहेर जाणाऱ्यांना एसओपी लिहावी लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी राज्य शासन जी शिष्यवृत्ती देते तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. तिच्यासाठी आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो, आणि त्या प्रवेशाच्या वाटेवरही एसओपी असतेच.

कोल्हापुरात

अमेरिकेतल्या शाळेत विद्यार्थ्याच्या अर्जाकडे पाहणारा समुपदेशक असतो. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत असा माणूस क्वचितच सापडतो. पैसे देऊन निबंध सुधारून घेणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि परवडले तरी त्यातून निघणारा निबंध पुष्कळदा कुणाचाच राहत नाही. उरतो तो मित्र. या शहराला एकमेकांच्या आधाराने शिकण्याची गोष्ट नवी नाही. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्यामागोमाग शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली, आणि कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हटले जाऊ लागले.

याहून जवळचे उदाहरण तालमीचे आहे. वस्ताद हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला उभे असतात, पण रोजचा घाम गाळायचा तो जोडीदाराबरोबर. जोडीदार आपल्याला हरवायला आलेला नसतो. पाय कुठे ढिला पडतो, पकड कुठे सुटते, हे त्याच्या अंगाला आधी कळते. निबंध वाचणाऱ्या मित्राचे काम नेमके हेच आहे, आणि तो वस्ताद व्हायला गेला की बिघडते.

वेळापत्रकही इथल्या ऋतूंवर येऊन बसते. कॉमन ॲप दरवर्षी 1 ऑगस्टला खुले होते, तेव्हा पंचगंगेचे पाणी किती चढले याकडे सगळ्यांचे कान असतात. मग गणपती, सहामाही परीक्षा. लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. पुण्या-मुंबईला शिकणारी मुले तेव्हा घरी आलेली असतात, आणि चिवड्याचे तेलकट बोट लागलेला छापील कागद हातोहात फिरतो. कुणी रंकाळ्यावर बसते, कुणी विद्यापीठाच्या आवारात, कुणी राजारामपुरीत क्लास सुटल्यावर चहाच्या गाड्यावर. 1850 पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ठिकाणी शांतता मिळते, पण या कामाला मोठ्याने बोलावे लागते.

वाचण्याची रीत

मित्राच्या हातात कागद आला की त्याचा हात आधी पेनाकडे जातो. स्पेलिंग, काळ, इंग्रजीतल्या ‘अ’ आणि ‘द’ यांच्या जागा, सगळे लाल होते. वर्षानुवर्षे आपल्या वह्या तशाच परत आल्या, म्हणून आपणही तेच करतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला याचा फार त्रास होतो. त्याचा निबंध चुकांनी भरलेला दिसतो, आणि त्यात दडलेली चांगली गोष्ट कुणी पाहतच नाही. म्हणून पहिले वाचन पेन न घेता करावे. मित्राने मोठ्याने वाचावे, लिहिणाऱ्याने गप्प बसून ऐकावे, मध्ये समजावून सांगू नये, कारण निवड समितीच्या खोलीत समजावून सांगायला तो नसणार. वाचून झाल्यावर मित्राने तीनच गोष्टी सांगाव्यात: कुठे मन भरकटले, कोणते वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिता आले नसते, आणि आणखी काय ऐकावेसे वाटले.

एक नमुना पाहू. शिवाजी उद्यमनगरात वडिलांची छोटी फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, असलेला एक मुलगा. निबंधाचे पहिले वाक्य होते, ‘लहानपणापासून मला अभियांत्रिकीची आवड आहे.’ मैत्रिणीने त्यावर बोट ठेवले. ‘हे वाक्य माझ्या पण एसेत हाय. तू फौंड्रीत जाऊन करायचास काय ते सांग.’ तो सांगू लागला. साचा फोडला की कास्टिंगवरची वाळू झाडायची, आणि मग हातोडीने हलकेच ठोकून ऐकायचे. चांगले कास्टिंग टणकन वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. पप्पा पलीकडे हिशेब लिहीत बसलेले असायचे, तिथूनच मान वर न करता म्हणायचे, ‘ते बाजूला ठेव.’ मैत्रीण म्हणाली, ‘अरे मग हेच लिही की!’

यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. तो बोलत असताना तिने त्याचे शब्द जसेच्या तसे मराठीत टिपून ठेवले. तसे केले नसते, तर घरी जाऊन इंग्रजीत लिहिताना त्याचे ‘क्वालिटी इन्स्पेक्शन’ झाले असते, आणि त्यातला टणकन आणि बद्द दोन्ही गेले असते. चांगला मजकूर पुष्कळदा निबंधात नसतो, निबंधाविषयीच्या बोलण्यात असतो. तो पकडणे हे वाचणाऱ्याचे सर्वांत मोठे काम, आणि ते आपल्या भाषेत बसल्याशिवाय होत नाही.

जवळचा वाचक आणि लांबचा वाचक

गावातल्या मित्राला खोटेपणा लगेच ओळखू येतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर पूर हा इथल्या मुलांना सहज सुचणारा विषय झाला. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांनी तो लिहावाच. पण ज्याच्या घराला पाणी लागले नाही त्याने चिखल उपसल्याचे वर्णन केले, तर मित्र विचारतो, ‘भावा, तुमच्या गल्लीत पाणी कुठं आलतं?’ हा प्रश्न जगातला कुठलाही सल्लागार विचारू शकत नाही.

मात्र त्याच मित्राला सगळे माहीत असते, हीच त्याची अडचणही ठरते. एखादीने लिहिले, ‘पाणी 43 फुटांवर गेले आणि आईने देव माळ्यावर नेऊन ठेवले.’ कोल्हापूरच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असते. परदेशातल्या वाचकाला वाटेल, 43 फूट पाणी म्हणजे तीन मजली घर बुडाले, मग माळा वर कसा राहिला? गावातला मित्र हा प्रश्न विचारत नाही, कारण त्याला तो पडतच नाही. तालीम, गुऱ्हाळ, पेठ, तांबडा रस्सा या सगळ्यांचे असेच होते. म्हणून एक वाचक शेजारचा असावा आणि एक असा, ज्याने कोल्हापूर पाहिलेले नाही. मामेभावाचा नागपूरचा रूममेटही चालतो. त्याला फोनवर वाचून दाखवावे आणि तो जिथे ‘म्हणजे?’ म्हणेल तिथे खूण करावी. यापुढे वाचक वाढवू नयेत. दहा जणांचे ऐकून लिहिलेला निबंध म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

वाचणाऱ्याचाही यात फायदा आहे, आणि तो थोडाथोडका नाही. दुसऱ्या भाषेत लेखन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी केलेला एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ इतरांच्या लेखनावर अभिप्राय देणाऱ्यांचे स्वतःचे लेखन, केवळ अभिप्राय घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेले दिसले. भाषेत मागे असलेल्यांच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक होता. ‘माझं इंग्लिश कच्चं हाय, मी काय वाचू?’ म्हणणाऱ्यानेच म्हणून आधी वाचायला बसावे.

मदत कुठवर

कॉमन ॲपमध्ये निबंध आपलाच आहे असे विद्यार्थ्याला लिहून द्यावे लागते. मित्राने प्रश्न विचारावेत, अनावश्यक वाक्याखाली रेघ मारावी, पण नवे वाक्य लिहून देऊ नये. मित्राने दिलेले सुंदर वाक्य निबंधात परक्यासारखे उठून दिसते. एआयकडून घेतलेल्या वाक्याचेही तसेच, आणि त्याला तर तुमची गल्लीही माहीत नसते.

एकमेकांचे वाचता वाचता उचलेगिरी होण्याचाही धोका असतो. यूकासने 2007 साली हजारो निवेदने एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा लहानपणी रसायनांच्या खेळात पायजम्याला भोक पडल्याची एकच आठवण 234 अर्जदारांनी सांगितलेली आढळली. तिथे आता प्रत्येक निवेदन आधीच्या निवेदनांशी संगणकावर ताडले जाते.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. या निबंधांत घरातले बाहेर येते: वडिलांचे कर्ज, दारू, आईचे आजारपण, जातीवरून झालेला अपमान. सतरा वर्षांची मुलगी ते पहिल्यांदाच कागदावर मांडत असते. तो कागद व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेला, तर मोडलेला विश्वास प्रवेश मिळूनही भरून निघत नाही. फोटो काढायचा नाही, कागद परत द्यायचा, आणि तिच्या परवानगीशिवाय त्यावर तिसऱ्याशी बोलायचे नाही, हे वाचायला घेण्याआधीच ठरवून घ्यावे. आणि जे तिला लिहायचे नाही, ते ‘लिही, छाप पडेल’ म्हणून लिहायला लावू नये.

शेवटच्या आठवड्यात मात्र नवा वाचक आणू नये आणि जुन्यानेही मजकुराला हात लावू नये. तेव्हा त्याने पेन घेऊन बसावे आणि आधी टाळलेले काम करावे: स्पेलिंग, शब्दसंख्या, पासपोर्टवरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळते का, आणि एका विद्यापीठाच्या एसओपीत दुसऱ्याच विद्यापीठाचे नाव राहून गेले नाही ना. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ते शंभरदा सुटते, मित्राला पहिल्या ओळीतच दिसते.