कृषी पत्रकार आणि कृषी विस्तार अधिकारी: दोघेही बांधावर, पण काम वेगळं

कृषी पत्रकार आणि कृषी विस्तार अधिकारी यांची गल्लत नेहमी होते, आणि तिला कारणही आहे. दोघेही बांधावर जातात, वाण, कीड, खतमात्रा, पाणी यांविषयी बोलतात. अनेकदा दोघांची पदवीही कृषी शाखेचीच असते. पण दोघांचा मजकूर शेजारी ठेवल्यावर फरकच कळेनासा झाला, तर मला काळजी वाटते. कारण तेव्हा दोघांपैकी एकाचं काम होत नसतं, आणि बहुतेक वेळा ते पत्रकाराचं असतं.

विस्ताराचं काम म्हणजे संशोधन केंद्रातली शिफारस शेतापर्यंत पोचवणं. आयर्लंडमध्ये बटाट्यावरच्या करप्याने दुष्काळ पडला तेव्हा, 1847 मध्ये, आयर्लंडचे तेव्हाचे ब्रिटिश व्हाइसरॉय लॉर्ड क्लॅरेंडन यांच्या पुढाकाराने फिरते शेती-शिक्षक गावोगाव पाठवले गेले. अमेरिकेत 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विद्यापीठं आणि सरकार यांच्या भागीदारीतून ही सेवा कायमची उभी राहिली. प्रात्यक्षिक घ्यायचं, समजावून सांगायचं, शंका फेडायच्या आणि किती शेतकऱ्यांनी नवी पद्धत स्वीकारली ते वर कळवायचं. हे मोलाचं काम आहे.

शिफारस शेतात उतरली की पत्रकाराचं काम सुरू होतं. ती चालली का? कोणत्या जमिनीत चालली, कोणत्या नाही? खर्च वजा जाता हातात काय उरलं? निविष्ठा, म्हणजे बियाणं, खतं, औषधं, विकतो कोण? अधिकारी वरिष्ठांना उत्तर देतो. पत्रकाराने वाचकाला द्यायचं असतं.

अमेरिकेतल्या आयोवातली मक्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेरी होल्डन हे प्राध्यापक रेल्वेगाडीतून गावोगाव फिरत आणि चांगल्या बियाण्याचा प्रचार करत. विस्तारक म्हणून माणूस अव्वल. त्या काळी मक्याच्या कणसांच्या स्पर्धा भरत. भरदार, सरळ ओळींच्या, देखण्या कणसाला बक्षीस मिळे आणि बियाण्यासाठी तसंच कणीस निवडावं असा सल्ला असे. हेन्री ए. वॉलेस तेव्हा शाळकरी मुलगा होता. घरी शेतीविषयक साप्ताहिक चालायचं. 1904 मध्ये त्याने होल्डन यांच्याकडूनच कणसं घेतली, दाणे कणीसवार वेगवेगळे पेरले आणि उत्पादन मोजलं. देखणेपणाचा आणि उत्पादनाचा मेळ बसला नाही. पुढे वॉलेस त्या साप्ताहिकाचे संपादक झाले आणि मक्याची पारख दिसण्यावर नको, उत्पादनावर करा, असा आग्रह त्यांनी लावून धरला. होल्डन यांचा हेतू चांगलाच होता. पण शिफारस मोजून पाहायला कुणीतरी दुसरं लागतं.

याच वॉलेस यांनी 1926 मध्ये संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी काढली, आणि 1933 मध्ये अमेरिकेचे कृषिमंत्री होईपर्यंत संपादकपदही सांभाळलं. संकरित मक्याने उत्पादन खरोखरच वाढवलं. तरीही लिहिणारा आणि विकणारा एकच असेल तर वाचकाला ते दरवेळी ठाऊक असलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. लिहिणारा बरोबर ठरला म्हणून ही अट शिथिल होत नाही.

इंग्लंडच्या आर्थर यंग यांची कारकीर्द तर या दोन कामांमधल्या ओढाताणीचाच इतिहास आहे. गावोगाव फिरून शेतीची वर्णनं लिहिणाऱ्या यंग यांनी 1784 मध्ये शेतीचं नियतकालिक सुरू केलं आणि 1793 मध्ये ते सरकारच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या कृषी मंडळाचे सचिव झाले. सामायिक जमिनींना कुंपण घालून त्या खाजगी कराव्यात, म्हणजे शेती सुधारेल, हा त्यांचा अनेक वर्षांचा प्रचार. मग ते पुन्हा गावांत गेले आणि या कुंपणांनी गरिबाची गाय गेली, सरपण गेलं, हे त्यांनी पाहिलं. बहुतेक कुंपण-कायद्यांनी गरिबांचं नुकसानच केलं, असं त्यांनी 1801 मध्ये छापलं. मंडळाच्या नावाने नव्हे, स्वतःच्या जबाबदारीवर. त्यांच्यातला पत्रकार मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

नोकरी म्हणून पाहिलं तर अधिकाऱ्याला ठरलेलं पद, बदली, बढती असते. पत्रकाराला बहुधा यातलं काहीच हमखास नसतं, आणि जाहिरातींचं दडपण वेगळंच. शेतीविषयक अंकांना जाहिराती देणारे बरेचदा बियाणं, कीटकनाशक आणि ट्रॅक्टर कंपन्या असतात, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचे तेच. म्हणून यशोगाथा भराभर छापल्या जातात. यशोगाथेला माझा विरोध नाही, पण त्याच शेतात दुसऱ्या वर्षी कोण जातं? एका हंगामावरून काही ठरत नाही. शेजारी तुलनेसाठी जुन्या पद्धतीचा तुकडा होता का, त्या वर्षी पाऊस कसा होता, हे विचारल्याशिवाय उत्पादनाचा आकडा छापू नये.

विस्तारातून पत्रकारितेत येणाऱ्यांकडे विषयाचं ज्ञान आधीच असतं. त्यांना जड जाते ती दुसरीच गोष्ट. शेतकऱ्याने शिफारस नाकारली की ते समजवायला लागतात. तिथे थांबून कारण विचारायचं आणि लिहून घ्यायचं असतं. ऐन वेळी मजूर मिळत नाहीत, कर्जाचा हप्ता काढणीच्या आधीच येतो, जमीन खंडाची असल्याने सुधारणेवर खर्च करणं परवडत नाही, अशी ती कारणं असतात. चाचणीच्या अहवालात ती क्वचितच सापडतात.