ग्लेन कॅनियन धरणाचे नियंत्रित पूर
अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवर असलेल्या २१६ मीटर उंचीच्या ग्लेन कॅनियन धरणातून ठरवून, थोड्या काळासाठी सोडला जाणारा मोठा विसर्ग. खालच्या ग्रँड कॅनियनमधले वाळूचे काठ पुन्हा उभारणे हा त्याचा मुख्य हेतू. वर्षभरात खाली द्यायच्या पाण्याचा हिशेब त्याने बदलत नाही; तेच पाणी कोणत्या महिन्यात आणि किती वेगाने सोडायचे, एवढेच बदलते.

१९६३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि नदीचा स्वभाव पालटला. पूर्वी बर्फ वितळताना येणाऱ्या पुराचा विसर्ग वरचेवर ८०,००० क्युसेकच्या पुढे जाई. धरणानंतर वीज निर्मितीच्या सोयीने पाणी दिवसा वाढू आणि रात्री उतरू लागले. वरून येणारी वाळू जलाशयातच बसते. धरणाखाली सुमारे २५ किमीवर लीझ फेरी येथे पारिया ही उपनदी मिळते, आणखी खाली लिटल कोलोरॅडो. वाळूची भिस्त आता या दोघींवर.

पहिला मोठा प्रयोग मार्च-एप्रिल १९९६ मध्ये झाला: ४५,००० क्युसेक, सात दिवस. काठ वाढले, पण मोजणीत दिसले की ती वाळू बरीचशी नदीतळातून आलेली नव्हती, खालच्या भोवऱ्यांतले जुने साठे खरवडून वर चढलेली होती. म्हणजे शिल्लक ठेवीतूनच खर्च झाला. पारियाने आणलेली वाळू तळाशी वर्षानुवर्षे साठून राहते, हे गृहीतकच चुकले होते. नेहमीच्या विसर्गातही ती काही आठवड्यांत वा महिन्यांत वाहून जाते. त्यामुळे पूर सोडायचा तो उपनदीने ताजी वाळू टाकल्याबरोबर. नोव्हेंबर २००४ चा ६० तासांचा पूर याच हिशेबाने सोडला, आणि २०१२ पासून हाच नियम झाला: पावसाळी पुरांनी पारियातून आलेली वाळू मोजायची, पूर सोडूनही जमा बाजू उरेल एवढाच विसर्ग आणि तेवढेच तास गणिताने ठरवायचे.

प्रत्यक्षात पायथा वीजगृहाची आठही जनित्रे चालवूनही ४५,००० क्युसेक गाठता येत नाही. उरलेले, जास्तीत जास्त १५,००० क्युसेक, वीजगृह टाळून थेट नदीत उघडणाऱ्या चार तळनळांतून सोडावे लागते. त्या पाण्याची वीज होत नाही, म्हणून वीज घेणाऱ्यांचा विरोध असतो. पाणी उतरवतानाही घाई चालत नाही. पातळी झपाट्याने पडली तर ओले काठ ढासळतात.

ऋतूचेही महत्त्व आहे. २००८ च्या मार्चमधल्या पुराने बाहेरून आणून सोडलेल्या इंद्रधनुषी ट्राउटची संख्या वाढली. हा मासा पाठीवर कुबड असलेल्या स्थानिक हम्पबॅक चबची पिल्ले खातो. २०१२ ते २०१८ मधले पाचही पूर नोव्हेंबरमध्ये सोडले गेले.

माशांचे खाद्य असलेल्या किड्यांचा प्रश्न वेगळा, आणि त्याला पूर लागत नाही. नदीतले कित्येक कीटक संध्याकाळी पाण्याच्या कडेला दगडांवर अंडी चिकटवतात. त्या वेळी पाणी चढलेले असेल तर नंतरच्या ओहोटीत अंडी सुकतात. २०१८ च्या मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवून पाहिला. विजेची मागणी त्या दिवशी उतरलेली असते, म्हणून तोटाही कमी.

जलाशय आटला की सगळीच गणिते फिरतात. एप्रिल २०२३ मध्ये कमी पातळीवर ३९,५०० क्युसेकचा ७२ तासांचा पूर सोडला. नंतरच्या तपासणीत तळनळांच्या आतल्या पृष्ठभागाला, पोकळ बुडबुडे फुटून होणारी इजा आढळली. दुसरी गोष्ट तापमानाची. भरलेल्या जलाशयातून येणारे ८ ते १० अंशांचे पाणी चबला फार थंड, हीच जुनी तक्रार होती. आता वरचा कोमट थर वीजगृहाच्या नळांपर्यंत उतरल्याने स्मॉलमाउथ बास हा शिकारी मासा धरणाखाली वाढू लागला. २०२२ मध्ये त्याची पिल्ले सापडली. जुलै २०२४ पासून काही महिने तळनळांचे थंड पाणी वीजगृहाच्या पाण्यात मिसळून लिटल कोलोरॅडोच्या संगमापर्यंत तापमान १५.५ अंशांखाली ठेवण्याचा प्रयत्न झाला. वीज बुडाली ती इथेही.