सह्याद्रीच्या माथ्यावरची बेटं

सप्टेंबरात कास पठारावर फुलं पाहायला झुंबड उडते, पण फुलांच्या मुळाशी असलेल्या जांभ्या खडकाकडे फारसं कुणी पाहत नाही. सपाट कातळ, त्यावर बोटभर माती आणि चहूबाजूंना खाली उतरत जाणारं रान. अशा कातळ पठाराला सडा म्हणतात. साताऱ्यातलं कास, चाळकेवाडी, सांगलीकडे चांदोलीतला झोळंबीचा सडा, ही सगळी माझ्या दृष्टीनं बेटंच आहेत. सड्यावरच्या रोपट्याला मधली दाट झाडी ओलांडणं समुद्राइतकंच अवघड.

बेटांवर किती जाती टिकतात, याचं गणित रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली मांडलं. बेट लहान असेल तर जाती लवकर संपतात; दूर असेल तर त्यांच्या जागी नव्या पोचत नाहीत. राखीव क्षेत्रं आखताना हे गणित कामी आलं, पण नुसतं क्षेत्रफळ पाहून भागत नाही. दोन मोठ्या बेटांवर त्याच जाती असतील, तर दुसरं राखून नवं काही पदरात पडत नाही. एखाद्या चिमुकल्या बेटावर दुसरीकडे कुठेच नसलेली जात असेल, तर त्याचा नंबर आधी लागायला हवा. अभ्यासक याला पूरकता म्हणतात.

वायतुरा ही पाणवनस्पतीच घ्या. भर पावसात सड्यावरच्या उथळ पाण्यातून त्याचा दुभंगलेला, गुलाबी-जांभळा तुरा वर येतो. पाऊस सरला की पानं जातात, कंद तेवढा मातीत तग धरतो. सह्याद्रीतले मोजके सडे सोडले तर हा वायतुरा जगात कुठेही नाही.

२०१२ साली कासला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा आनंदच आहे. पण सगळी भिस्त एकट्या कासवर ठेवणं मला धोक्याचं वाटतं. चाळकेवाडीवर पवनचक्क्या आहेत. तिथल्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आहेत, सरडे वाढलेत आणि त्यांचा बुजरेपणाही कमी झालाय. उभारलं हवेत, फरक पडला जमिनीवरच्या सरड्यांना!

म्हणून सड्यांची पाहणी एकत्रच व्हावी, आणि तीही पावसाळ्यात. एप्रिलमध्ये करपलेला कातळ पाहणारा माणूस त्याला पडीकच ठरवणार. पाहणीला गुराखी सोबत हवेत. कुठल्या डबक्यात पाणी किती दिवस टिकतं, हे त्यांना पाठ असतं.