सीओटू लेसर आणि फायबर लेसर: आधी माल सांगा, मग वॅट

लेसर कटिंगच्या दुकानात नवखं गिऱ्हाईक आलं की बहुधा विचारतं, "तुमचं मशीन किती वॅटचं?" कारागीर उलट विचारतो, "माल काय आहे?" बरोबर प्रश्न त्याचा. ८० वॅटचा सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेसर ६ मिमी अॅक्रेलिक सहज कापतो, पण स्टीलच्या कोऱ्या डब्यावर त्याचं काही चालत नाही. २० वॅटचा फायबर लेसर त्याच डब्यावर नाव कोरून देतो. पारदर्शक अॅक्रेलिकमधून मात्र आरपार निघून जातो. नाव दोघांचंही लेसर, म्हणून गोंधळ.

खरा फरक तरंगलांबीचा. सीओटूची १०.६ मायक्रॉन, फायबरची साधारण १.०६, म्हणजे दहावा हिस्सा. दोन्ही किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मशीनवर दिसतो तो लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी. लाकूड, एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी), कागद, कापड, चामडं, अॅक्रेलिक, काच ही मंडळी १०.६ मायक्रॉनचा किरण शोषून घेतात. उघडा धातू तो बराचसा परतवून लावतो. १ मायक्रॉनचा किरण धातू पुष्कळच जास्त शोषतो.

मशीनची सगळी रचनाही यातूनच ठरते. छोट्या सीओटू मशीनमध्ये काचेची ट्यूब असते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण, त्यावर हजारो व्होल्टचा दाब, आणि गार ठेवायला चिलर. निघालेला किरण काच शोषून घेते, त्यामुळे तो काचेच्या तारेतून नेता येत नाही. आरशांवरून उडवत न्यावा लागतो. शेवटची लेन्सही साध्या काचेची नसते, बहुधा झिंक सेलेनाइडची असते. फायबर लेसरमध्ये इटर्बियम नावाचं मूलद्रव्य मिसळलेली काचेची तार हेच किरण तयार होण्याचं ठिकाण, आणि तो कटिंग हेडपर्यंत जातोही तारेतूनच.

म्हणून सीओटूवाल्याला आरशांची कटकट कायमची. टेबलाच्या एका कोपऱ्यात एमडीएफ व्यवस्थित कापतंय आणि ट्यूबपासून लांबच्या कोपऱ्यात अर्धवट राहतंय, तर पॉवर वाढवायची घाई करू नये. हेडच्या तोंडाशी मास्किंग टेप चिकटवून चारही कोपऱ्यांत एकेक हलका फटका मारून बघावा. चारही डाग एकाच जागी पडले तर आरसे ठीक आहेत. सरकले तर अलाइनमेंट गेली.

या सीओटू लेसरचा शोध लावणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९६४ मध्ये तिथल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत त्यांनी हा लेसर तयार केला. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, याचं मला नवल वाटतं.

'सीओटू धातू कापत नाही' हे वाक्य छोट्या मशीनपुरतं खरं. किलोवॅटमधले सीओटू पत्रा कापायचे, आजही काही ठिकाणी कापतात. फायबर कमी विजेत तेच काम करतो म्हणून मागे पडले. आणि रंगीत बाटलीवर सीओटूने नाव निघतं तेव्हा धातू कोरला जात नाही, वरचा रंग जळून खालचा धातू दिसतो. फायबरमध्येही २०–३० वॅटचं मार्किंग मशीन वेगळं आणि पत्रा कापणारं किलोवॅटचं वेगळं. पहिल्यावर पत्रा कापून मागू नका.

पत्रा कापताना गॅस कोणता, हेही विचारून घ्यावं. एमएसला (माइल्ड स्टील, साधं पोलाद) बहुधा ऑक्सिजन देतात. तो लोखंड जाळून कापायला मदत करतो, पण कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. एसएसला (स्टेनलेस स्टील) नायट्रोजन दिला की कड चकचकीत येते. खर्च अर्थातच जास्त.

कर्फ म्हणजे किरणाने खाल्लेली रुंदी. ती ०.२ मिमी असेल आणि फाइलमध्ये तिची सोय केली नसेल, तर ५० मिमीचा चौकोन ४९.८ चा निघतो आणि ५० चं भोक ५०.२ चं होतं. खाचेत बसणारी खोकी ढिली होतात ती यामुळेच.

घरगुती निळा डायोड लेसर हा तिसरा प्रकार. पातळ प्लायला ठीक. पारदर्शक अॅक्रेलिक तोही कापत नाही. जाहिरातीतले वॅट किरणाचे की विजेचे, एवढं तपासा.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र फायबर जास्त दगाबाज. सीओटूचा किरण डोळ्याच्या बाहेरच्या पडद्यावरच अडतो, तिथे भाजतो. फायबरचा थेट आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. सीओटू मशीनचं साधं अॅक्रेलिकचं झाकण फायबरच्या किरणाला अडवत नाही, आणि एकाचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही. चष्म्यावर छापलेली तरंगलांबी वाचूनच घ्यावा.

पीव्हीसी कोणत्याच लेसरखाली घालू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. फुप्फुसांना घातक, आणि मशीनच्या रेल्सही गंजतात. रेक्झीन आणि सनबोर्ड बऱ्याचदा पीव्हीसीचेच असतात. शंका असली तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, मालाला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची, दार-खिडक्या उघड्या ठेवून. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याचीच शक्यता जास्त, तो तुकडा परत करावा.